‘येतो’ म्हणून गेले

३ मार्च

प्रिय वन्सं,

नमस्कार. हे पत्र दुकानात शिलाई मशीनवर कागद ठेवून लिहितेय, तेव्हा अक्षर हललं तर समजून घ्या. फोनच केला असता, पण तुमचे दादा फोन वाजला की आधी स्पीकर लावतात, आणि मला जे बोलायचंय ते त्यांच्यासमोर नको.

गुरुजी गेले.

परवाच्या बैठकीनंतर. कुणाला काही कल्पनाच नव्हती. अठरा वर्षं वखारीवरच्या त्या खोलीत आम्ही त्यांच्यासमोर बसलो. ते ग्रंथ सांगायचे, आम्ही ऐकायचो. आता त्यांची खुर्ची रिकामी आहे. आमच्यातले हेडमास्तर जिन्यात बसून हुंदके देऊन रडले. वखारवाल्यांनीही दुपारपर्यंत करवत बंद ठेवली, आणि त्यांची करवत संपातसुद्धा बंद नसते.

माझं रडणं थोडं स्वार्थी आहे, तुम्हाला म्हणून सांगते. दादांच्या हृदयाची झडप निकामी होत चाललीय, बदलायलाच हवी, उशीर करू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. मी गुरुजींना विचारलं होतं, ऑपरेशन करावं की नको. ते म्हणाले, "सांगतो." पुढच्या बैठकीत सांगतील म्हणून मी थांबले, तर बैठक झाली आणि ते गेलेच. आता कुणाला विचारू?

दादा रोज सकाळी पंपांच्या हत्यारांची पिशवी उचलतात, जिना उतरताना मध्येच कठडा धरून थांबतात, आणि खालून ओरडतात, "जातो!" इतकी वर्षं सांगतेय, 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं. पालथ्या घड्यावर पाणी.

तुमची,
वहिनी


८ मार्च

प्रिय वहिनी,

पत्र वाचून वाईट वाटलं. तुझ्या गुरुजींची आणि माझी कधी भेट नाही, आणि भेटीची ओढही नव्हती, हे तुला माहीत आहे. पण गेलेल्या माणसाबद्दल वाकडं बोलू नये. फार त्रास झाला का? झोपेत गेले असतील तर सुटले म्हणायचे. इथं हॉस्पिटलच्या कपडेखान्यात बसून मी बघते ना, सकाळी एका खाटेची चादर धुलाईला येते आणि दुपारी त्याच खाटेवर दुसऱ्या कुणाची घातलेली असते. माणूस जातो, खाट राहते.

तुमच्याकडच्या फुलवाल्याला फोन करून बैठकीच्या पत्त्यावर एक मोठा हार पाठवायला सांगितलाय. 'भावपूर्ण श्रद्धांजली' अशी पट्टीही लावायला सांगितली आहे. माझ्याकडून तेवढंच.

आता दादाचं. वहिनी, झडप बदलायची की नाही हे गुरुजींना कशाला विचारायचं? ते काय हृदयाचे डॉक्टर होते? बरं, देवाचाच कौल हवा असेल तर थेट देवाला विचार. मधला माणूस गेला, देव कुठं गेलाय? मी देवाला फारशी मानत नाही, पण तू मानतेस ना? मग मान की.

'जातो'चं वाचून हसू आलं. आई त्याच्यामागं दारापर्यंत धावायची, "अरे, जातो म्हणू नये!" तो म्हणायचा, "जातोय तर जातोच म्हणणार." लहानपणापासून असलाच आहे. त्याला खुर्चीला बांधून ने, पण ने.

तुझी,
वन्सं


१३ मार्च

अहो वन्सं!

हा काय घोटाळा करून ठेवलात! गुरुजी गेले म्हणजे गेले. वारले नाहीत! पिशवी घेतली, चपला घातल्या आणि गेले! 'ध'चा 'मा' म्हणतात तो हा.

तुमचा हार बैठक ऐन भरलेली असताना आला. चांगला पुरुषभर उंचीचा. फुलवाल्याच्या माणसानं तो सरळ गुरुजींच्या खुर्चीला घातला आणि टोपी काढून उभा राहिला. हेडमास्तरांनी पट्टी वाचली आणि मटकन खाली बसले. त्यांना वाटलं, बाहेर कळलंय आणि आपल्यालाच कुणी सांगितलं नाही. दोन बायका रडायला लागल्या. मी 'आमच्या वन्संनी पाठवलाय' म्हणून पुढं झाले, तेव्हापासून माझ्याशी तिथं कुणी धड बोलत नाही. वखारवाले मात्र हसून हसून खोकले.

झालं ते असं. त्या दिवशी बैठक संपली, गुरुजी उठले, ग्रंथावर कापड टाकलं, दारात वळले आणि म्हणाले, "येतो." बस. दुसऱ्या दिवशी त्यांची खोली रिकामी. घरमालकाला किल्ली दिलेली. पत्ता नाही, निरोप नाही.

आता त्या 'येतो'वरून आमच्यात दोन तट पडलेत. हेडमास्तर म्हणतात, 'येतो' हा वर्तमानकाळ आहे. 'येईन' म्हटलं असतं तर भविष्य. म्हणजे गुरुजी या क्षणी येतच आहेत, आपल्याला दिसत नाहीत एवढंच. म्हणून दार उघडं ठेवतात, आणि वारा आला की ते थाडथाड आपटतं. वखारवाले म्हणतात, "माझ्याकडं लाकडाचा भाव विचारून जाणारं प्रत्येक गिऱ्हाईक 'येतो'च म्हणतं. अजून एक आलेलं नाही." लोक आता एकमेकांना 'येतोवाले' आणि 'गेलेवाले' म्हणतात. अठरा वर्षं एका सतरंजीवर बसलेली माणसं, आता मधे जागा सोडून बसतात.

ग्रंथ तसाच कापडाखाली आहे. त्याला हात लावायचा धीर कुणाला होत नाही. वाचायचे ते गुरुजी. आम्ही फक्त ऐकायचो.

ऑपरेशनचं म्हणाल तर थांबलंय. गुरुजी आले की बघू, असं ठरलंय. दादा रोज घरी आले की पायातला बूट काढायच्या आधी विचारतात, "काय, आले का तुझे गुरुजी?"

तुमची,
वहिनी

ता. क. हार फुकट गेला नाही. वखारवाल्यांनी पट्टी काढून तो त्यांच्या नव्या करवतीला घातला.


१८ मार्च

वहिनी,

हाराबद्दल माफ कर. पण चूक माझी एकटीची नाही. 'गेले' एवढंच लिहिल्यावर कुणीही तेच समजेल. हेडमास्तरांना सांग, तोही काळच आहे, भूतकाळ.

बाकी मात्र मी हसणार नाही. 'गुरुजी आले की बघू, असं ठरलंय'? कुणी ठरवलं? एक माणूस चपला घालून निघून जातो, जाताना चारचौघं म्हणतात तोच शब्द म्हणतो, आणि त्या शब्दापायी माझ्या भावाची झडप थांबलीय? अगं, आपल्यात 'जातो' म्हणायची सोय नाही म्हणून लोक 'येतो' म्हणतात! कर्ज बुडवून पळणारा सुद्धा 'येतो' म्हणूनच पळतो!

आणि दादा तुला रोज टोमणा मारतोय ते तुला कळत नाही का? 'आले का तुझे गुरुजी' म्हणजे 'संपला का तुझा पोरखेळ'. तो बिचारा जन्मभर पंपांचे व्हॉल्व्ह बदलत आला. गळका व्हॉल्व्ह बदलायचा असतो, त्याची पूजा करायची नसते, हे त्याला कुणी शिकवायला नको. तुझं मन मोडायला नको म्हणून गप्प बसलाय. त्याचं हे गप्प बसणं त्याला महागात पडेल आणि तू आयुष्यभर ग्रंथावर कापड घालत बसशील.

मी इथं रोज बघते. वेळेवर आलेली माणसं चालत घरी जातात. उशिरा आलेल्यांच्या फक्त चादरी माझ्याकडं येतात.

कडू बोलले. पण भाऊ एकच आहे मला.

वन्सं


२७ मार्च

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी एका पँटची उंची कमी करायची तर दोन्ही पाय वेगवेगळ्या लांबीचे कापून ठेवले. गिऱ्हाईक चांगलं म्हणून बरं. बोललात ते बोललात, त्यावर मी काही म्हणत नाही. भाऊ तुमचा एकच आहे, आणि नवरा माझाही एकच आहे.

बैठकीची बातमी सांगते. येतोवाल्यांनी दारावर पाटी लावलीय. निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत: 'येतो'. खाली बारीक अक्षरांत 'गुरुजी'. नवीन माणसाला वाटतं, दुकानदार जेवायला गेलाय. परवा एक जण खाली बाकावर तासभर बसून राहिला, किल्ली बनवून घ्यायला.

बैठकीत सगळे रिकाम्या खुर्चीकडं तोंड करून बसतात. कुणी बोलत नाही. मागच्या खेपेला मला तुमचं वाक्य आठवत राहिलं, मानतेस ना, मग मान की. तुम्ही ते टोचायला लिहिलं होतंत, ठाऊक आहे मला. पण टाचणी टोचली तरी कापड जोडूनच ठेवते. मी उठले, ग्रंथावरचं कापड काढलं आणि उघडला.

वन्सं, सुरुवातीची पानं मळून मऊ झालेली. कोपरे गोल झालेले. आणि तिथून पुढं पानं जोडलेली! जुन्या छपाईत कागद दुमडून बांधतात आणि कडा कापायच्या राहून जातात ना, तशी. पाऊण ग्रंथ बंद. कुणाचं बोट त्यात कधी गेलंच नव्हतं. अठरा वर्षं गुरुजी त्या मूठभर पानांवरच आम्हाला फिरवून आणत होते.

हेडमास्तरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "त्यांना पुढचं पाठ होतं. पानं कापायची गरजच नव्हती." येतोवाल्यांनी माना डोलावल्या. वखारवाले म्हणाले, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!" झालं, पुन्हा भांडण.

मला भांडायला वेळ नव्हता. पिशवीत माझी लहान कात्री असतेच. तिथंच खाली बसून मी पानं कापायला लागले. एक बाई किंचाळली, "ग्रंथाला कात्री लावतेस?" म्हटलं, "शिवलेलं असेल तर उसवल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही." हळूहळू सगळे कात्रीचा आवाज ऐकत बसले. मग मी वाचलं. मोठ्यानं, अडखळत. पहिल्यांदाच बैठकीत माझा आवाज निघाला.

खोटं कशाला बोलू, बरीच पानं कंटाळवाणी आहेत. घर कसं बांधावं, दारं किती असावीत, कुणाचा मुलगा कोण आणि त्याचा कोण. पण मधेच एक गोष्ट आली. एक सांगणारा एके दिवशी निघून जातो. लोक रडतात, आता आम्हाला कोण सांगेल? तेव्हा त्यांना आतून उत्तर मिळतं, 'सांगणारा तरी ऐकूनच सांगत होता. तुम्हाला कान नाहीत का?'

मी ते दोनदा वाचलं. मला वाटलं, माझं नाव घेऊन कुणी रागावलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

ऑपरेशनबद्दल ग्रंथात एक अक्षर नाही. मी शोधलं. पण दुसरं काहीतरी सापडलंय. ते तुम्हाला नंतर सांगेन, आधी ज्याला सांगायला हवं त्याला सांगते. ग्रंथ मी घरी आणलाय.

तुमची,
वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

आधी बस. कात्री खाली ठेव.

तुझे गुरुजी सापडले. माझ्याच हॉस्पिटलात.

काल दुसऱ्या मजल्यावर गाऊन कमी पडले म्हणून मीच गठ्ठा घेऊन गेले. कडेच्या खाटेवर एक म्हातारा, गाऊनची नाडी मागं बांधायची ती त्यानं पुढं बांधलेली, आणि त्यामुळं मागं जे व्हायचं ते झालेलं. मी म्हटलं, "काका, नाडी मागं बांधा." तो वळला. वहिनी, तुझ्या मशीनवरच्या भिंतीवर जो फोटो आहे ना, तोच. मी म्हटलं, "तुम्ही गुरुजी ना?" ते दचकले. "तुम्ही ओळखता मला?" म्हटलं, "फोटोतून. फोटोत तुम्ही जरा जास्त कपड्यांत होता."

हर्नियाचं ऑपरेशन झालंय. चांगले आहेत. मी भांडायच्या तयारीनं स्टूल ओढून बसले. तुझं नातं सांगितलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणाले, "तुमच्या वहिनींनी विचारलं त्या दिवशी माझ्या खिशात माझ्याच ऑपरेशनची चिठ्ठी होती. जन्मभर लोकांना सांगितलं, भिऊ नका. आणि मी ती चिठ्ठी घेऊन महिनाभर फिरत होतो, रात्री झोप नाही. त्यांना 'करा' म्हटलं आणि काही बरंवाईट झालं तर? 'नको' म्हटलं तर मी कुठल्या तोंडानं इथं येऊन झोपू? म्हणून म्हटलं, सांगतो."

मग म्हणाले, "आणि दारात 'येतो' म्हटलं ते खरंच येणार होतो म्हणून. बरा होऊन."

मी त्यांना पाटीचं सांगितलं. निळ्यावर पांढरी अक्षरं वगैरे सगळं. त्यांनी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं आणि आतून म्हणाले, "आता त्या पाटीखालून आत कसा जाऊ हो?" वहिनी, मी त्यांच्यावर तुटून पडायला गेले होते. पण पांघरुणाखालचा घाबरलेला म्हातारा बघितला की राग कुठं ठेवायचा ते कळत नाही.

पुतण्याकडं राहणार म्हणतात. तिथं त्यांना कुणी काही विचारत नाही, याचंच त्यांना सुख आहे.

मी सोडलं मात्र नाही. म्हटलं, "माझा भाऊ तुमच्या एका शब्दासाठी थांबलाय. तो द्या, मग खुशाल झोपा." पांघरूण खाली आलं. म्हणाले, "करा म्हणावं. उशीर करू नका म्हणावं."

तर हा घे निरोप. गुरुजींचा, त्यांच्या तोंडचा, माझ्या कानांनी ऐकलेला. मी, जिनं आयुष्यात कुणाला गुरू केलं नाही, ती आज तुझ्या गुरूची टपालवाली झाले. आता तरी दादाला ने.

वन्सं


९ एप्रिल

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. हॉस्पिटलच्या बाकावर बसून वाचलं आणि इतकी हसले की नर्स बघायला आली.

वन्सं, थापा मारायला तुम्हाला जमत नाही. गुरुजी म्हणाले 'करा म्हणावं'? अहो, त्या माणसाला नुसतं 'बसा' म्हणायला पाऊण तास लागायचा! हर्निया, गाऊनची नाडी, पांघरूण, छान रचलंत सगळं. माझ्यासाठी एवढी गोष्ट रचलीत, डोळे भरून आले. पण त्याची गरज उरली नव्हती. तुमचं पत्र पोचायच्या आधीच ऑपरेशन झालं होतं.

रागावू नका. फोन केला असता तर तुम्ही रडला असतात, मग मीही रडले असते, आणि स्पीकरवर दादांनी दोघींचं ऐकलं असतं.

आता जे इतके दिवस तुमच्यापासून लपवलं ते लिहिते. तुम्ही मला बरंच बोललात, मी ऐकून घेतलं, कारण खरं सांगितलं असतं तर तुमच्या मनातला दादा थोडा लहान झाला असता. गुरुजींना विचार, असं मला कुणी सांगितलं? दादांनी. अठरा वर्षं गुरुजींना 'तो बोलघेवडा' म्हणणारा माणूस डॉक्टरांकडून आला आणि एकदम म्हणाला, "तुझ्या गुरुजींना विचार. ते हो म्हणाले तर करू." मला वाटलं, देवच पावला, माणूस पालटला. मग गुरुजी गेले. आणि रोज संध्याकाळी हे विचारायचे, "आले का?" मी 'नाही' म्हटलं की यांचा चेहरा खुलायचा. तो टोमणा नव्हता हो. साऱ्या येतोवाल्यांपेक्षा गुरुजींच्या वाटेकडं जास्त डोळे लावून बसलेला माणूस माझ्याच घरात होता. फक्त ते येऊ नयेत म्हणून.

तुमचे दादा घाबरले होते. दुसऱ्यांचे पंप सगळे खोलून ठेवणारा माणूस, पण स्वतःला कुणी खोलणार म्हटल्यावर पळवाट शोधायला लागले. ते बोलायचं कसं, म्हणून माझ्या श्रद्धेमागं लपले. बरी जागा होती, कुणी शोधायला येणार नव्हतं. मला कळलं होतं. पण मीही गप्प बसले, कारण मलाही भीती वाटत होती आणि गुरुजींची वाट बघणं मलाही सोयीचं होतं. वाट बघितली की ठरवावं लागत नाही.

मागं लिहिलं होतं ना, ग्रंथात काहीतरी सापडलं? कापलेल्या पानांत जागोजाग एकच गोष्ट येते, 'भिऊ नका'. पुन्हा पुन्हा. गुरुजीही सांगायचे, पण ते सांगताना वाटायचं, भिणं हे पाप आहे. स्वतः वाचल्यावर दिसलं, की इतक्यांदा सांगावं लागतंय म्हणजे सगळेच भीत असणार. राजेसुद्धा, भले भले. देवाला घाबरट माणसांची सवय आहे.

मागचं पत्र टाकलं त्या दिवशी जेवणं झाल्यावर यांच्या शेजारी बसून मी त्या सगळ्या जागा शोधून शोधून वाचल्या. हे वर्तमानपत्राआड होते. मी थांबले. वर्तमानपत्राआडून आवाज आला, "परत वाच." मी परत वाचलं. मग वर्तमानपत्र हलायला लागलं. वन्सं, पंचवीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, "व्हॉल्व्ह बदलताना पंप बंद करावा लागतो गं. परत चालू झाला नाही तर?" मी म्हटलं, "मला माहीत नाही. मला कुणी सांगितलेलं नाही. पण मी दाराबाहेर बसेन, आणि देव आत असेल, असं मी मानते. चला." सकाळी मीच डॉक्टरांना फोन केला.

ऑपरेशनच्या दिवशी त्यांना ढकलगाडीवरून नेलं. थिएटरच्या दारापाशी नर्स म्हणाली, आता तुम्ही थांबा. मी थांबले. मनाशी म्हटलं, आता हे 'जातो' म्हणतील, सवयीनं, आणि मी काय करू? गाडी थांबली. त्यांनी मान वळवली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "येतो."

आयुष्यात पहिल्यांदा.

दार बंद झालं आणि मी बाकावर बसले. 'येतो' म्हणणाऱ्याच्या हातात काही नसतं, ते मला तिथं कळलं. गुरुजींच्याही नव्हतं. त्या शब्दाचं वजन ऐकणाऱ्यानं उचलायचं असतं. आम्ही उगाच त्याची पाटी करून दारावर ठोकली. मी मांडीवर ग्रंथ उघडला. नेमकं घराच्या दारांचं पान आलं, किती आणि कुठल्या दिशेला. तेच वाचत बसले, पुन्हा पुन्हा. कंटाळवाणं पानही अशा वेळी धरायला बरं असतं.

संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले. ओठ सुकलेले. मी वाकले. म्हणाले, "आलो."

बरे आहेत. आजपासून नर्सला तिच्या नळाचा वॉशर कसा चुकीचा बसवलाय ते सांगतायत.

तुमची,
वहिनी

ता. क. बैठकीत आता आळीपाळीनं वाचतो. हेडमास्तर दर ओळीला व्याकरण सांगतात. दार लावून घेतो, वारा फार येतो. पाटी अजून आहे. वखारवाले म्हणतात राहू दे, गिऱ्हाईक थांबतं.


१५ एप्रिल

वहिनी,

मला न सांगता ऑपरेशन उरकलंत, त्याचं भांडण मी समोरासमोर करणार आहे. आणि तुला जे बोलले त्याबद्दल काय म्हणायचं तेही समोरासमोरच. कागदावर मला फक्त टोचता येतं. 'आलो'पाशी आले आणि कपडेखान्यात चादरींच्या गठ्ठ्यावर बसून रडले. तिथं रडायची सोय चांगली आहे, पुसायला भरपूर कापड असतं.

दादा माझ्या मनात लहान झाला नाही. त्याला सांगू मात्र नकोस.

आता ऐक. गुरुजी खरेच इथं होते. मी एक अक्षर रचलेलं नाही. जन्मभर मी तुझ्या विश्वासाला हसले, आणि आयुष्यात एकदा खरा निरोप आणला तर तूच विश्वास ठेवला नाहीस. चांगली फेड केलीस! खोटं वाटत असेल तर त्यांनी नाडी पुढंच बांधली होती हे मी अजूनही शपथेवर सांगेन.

परवा टाके काढायला आले होते. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, पानं जोडलेली होती तेही. वाटलं, ओशाळतील, काहीतरी सबब सांगतील. तसं काही झालं नाही. अगदी हळू आवाजात, शाळेतल्या मुलानं विचारावं तसं विचारलं, "त्या सांगणाऱ्याचं पुढं काय होतं? जो निघून जातो, त्याचं?"

मला कुठं माहीत? तुला विचारून सांगते म्हटलं. तर पत्रातून लिहू नकोस, ती पानंच उतरवून ठेव. मी येऊन घेऊन जाईन.

मी शनिवारी येते. म्हणजे खरंच येते, तिकीट काढलंय.

तुझी,
वन्सं